अर्धं देऊन टाकायचं

आमच्या घरी विरजण कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. आठवडाभर गावी राहून परत आलो की आई माझ्या हातात वाटी देऊन मला शेजारच्या काकूंकडे पिटाळायची. काकू गावाला जाऊन आल्या की त्यांची मुलगी वाटी घेऊन आमच्या दारात. बारा-पंधरा वर्षं ही ये-जा चालली. ते दही मुळात कुणाच्या घरचं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही पडला नसता. पण गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता माझ्या स्वयंपाकघरात एक बाटली फुटली.

बाटली जिंजर बिअरची होती. लहानपणी 'फेमस फाइव्ह' वाचलेल्यांना हा शब्द माहीत असेल. ती पोरं आणि त्यांचा कुत्रा सहलीला निघाले की टोपलीत जिंजर बिअर असायचीच. मला तेव्हा वाटायचं, हा आपला गोटी सोडा असणार, आल्याच्या चवीचा. तसं नाही. सोड्यात वायू यंत्राने बाहेरून भरतात. जुन्या पद्धतीच्या जिंजर बिअरमध्ये तो आतच तयार होतो, कारण ती आंबवलेली असते. पाणी, साखर, आलं, लिंबू, आणि आंबवणारं काहीतरी. थोडा अल्कोहोलही तयार होतो, तेव्हा नावातली बिअर अगदीच खोटी नाही.

ते 'आंबवणारं काहीतरी' मी व्हिडिओ बघून घरीच केलं होतं. सातारी आलं सालासकट किसायचं, बरणीत पाण्यात टाकायचं, रोज चमचाभर साखर आणि चमचाभर किसलेलं आलं घालून ढवळायचं. आल्याच्या सालीवर मुळातच यीस्ट आणि बॅक्टेरिया असतात, ते जागे होतात. पाचव्या दिवशी बरणी फसफसायला लागली. इंग्रजीत याला 'जिंजर बग' म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये सहा वर्षं काढल्यावर स्वतःच्या हाताने खाऊ घालून वाढवलेला हा माझा पहिलाच बग. त्यातलं पाणी गाळून आल्या-साखरेच्या गार पाण्यात मिसळलं, काचेच्या बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावली आणि ओट्यावर ठेवून दिलं. तिसऱ्या रात्री काचा फ्रिजखालपर्यंत गेल्या होत्या.

झाडझूड करून झाल्यावर झोप येईना, म्हणून गणित मांडलं. लिटरभर पाण्यातली १२ ग्रॅम साखर आंबली की साधारण ६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. मोकळ्या हवेत तो तीन लिटरहून जास्त जागा घेईल. बंद बाटलीत तो पाण्यात विरघळतो, पण किती विरघळणार हे तापमान ठरवतं. १५ अंशांना तेवढ्या वायूसाठी बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट होतो, ३० अंशांना साडेचार पट. आणि मी लिटरला १०० ग्रॅम साखर घातली होती, म्हणजे हे सगळं फक्त आठव्या हिश्शाचं गणित. इंग्लंडच्या तळघरासाठी लिहिलेली कृती मी पुण्याच्या मे महिन्यात चालवली होती. (कुणी करणार असाल तर प्लॅस्टिकची सोड्याची बाटली घ्या. दाबून बघता येते. टणक लागली की सरळ फ्रिजमध्ये.)

मग हे लोक शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कसं करत असतील, हे शोधत बसलो. जुन्या इंग्रजी कृतींमध्ये 'बग' सापडेना. त्यात शब्द होता 'जिंजर बिअर प्लान्ट'. हा प्लान्ट शेजाऱ्याकडून मिळवायचा, असं गृहीतच धरलेलं. कुठली वनस्पती ही? त्याचं उत्तर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातल्या १८९२ सालच्या एका लांबलचक शोधनिबंधात होतं. लेखक हॅरी मार्शल वॉर्ड. आणि त्याची नोकरी कुठे, तर रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज, कूपर्स हिल. इथे मी थांबलो. आल्याच्या पेयाचा अभ्यास, आणि तो 'इंडियन इंजिनिअरिंग' कॉलेजात?

हे कॉलेज भारतात नव्हतंच. लंडनच्या पश्चिमेला, सरे परगण्यात एगमजवळच्या टेकडीवर ते १८७२ साली सुरू झालं. काम एकच : हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी इंजिनिअर तयार करणं. पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ पासून होतं, आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तेच ते. १८८३ साली पुण्यातून पहिल्या क्रमांकाने पास झालेले विश्वेश्वरय्या पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पण इथल्या कॉलेजांतून पहिला-दुसरा आलेल्यालाच त्या खात्याचं दार उघडायचं. कूपर्स हिलची पोरं मुळात त्या खात्यासाठीच घडवली जात होती. आपल्या पीडब्ल्यूडीच्या जुन्या पुलांवर आणि बंगल्यांवर या कॉलेजची सावली आहे, आणि मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

१८८५ साली तिथे हिंदुस्थानातल्या जंगलखात्याचे अधिकारीही शिकवायला घेतले. त्यांना झाडं कळायला हवीत, म्हणून वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आला, तो वॉर्ड. तेव्हा तो तिशीच्या आसपासचा होता; जन्म १८५४चा, पुण्याच्या कॉलेजच्या वयाचाच. त्याच्या गाठीला एक मोठा अनुभव होता. १८८० साली त्याला सिलोनला पाठवलं होतं. तिथल्या कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा पडला होता आणि मळेवाले हवालदिल झाले होते. वॉर्डने दाखवून दिलं की हा रोग एका बुरशीचा आहे, तिचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, आणि मैलोन्‌मैल एकच पीक लावल्यामुळे तिला मोकळं रान मिळालं आहे. निदान बरोबर होतं, रोगी वाचला नाही. सिलोनमधली कॉफी गेली आणि तिच्या जागी चहा आला.

म्हणजे दोन जीव एकत्र आले की एक दुसऱ्याला कसा खातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. १८८७ साली त्याच्या हातात आलेला नमुना मात्र उलट निघाला.

प्लान्ट दिसायला कसा? भिजवलेला साबुदाणा डोळ्यांसमोर आणा. पांढुरके, अर्धवट पारदर्शक, चिवट गोळे. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही बोराहून मोठे. आल्या-साखरेच्या पाण्यात टाकले की वाढतात. पानं नाहीत, मूळ नाही. लोक प्लान्ट म्हणत, कारण तो वाढायचा आणि त्याचे तुकडे करून दुसरीकडे लावता यायचे, एवढंच.

वॉर्डने ते गोळे उलगडायला घेतले. काळ लक्षात घ्या. जिलेटिनवर सूक्ष्मजीव वेगळे करून वाढवण्याची कॉखची पद्धत जेमतेम सहा-सात वर्षांची होती. आपण शाळेच्या लॅबमध्ये पाहिलेली पेट्री डिश त्याच १८८७ सालची. हान्सेनने कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत यीस्टचं शुद्ध कल्चर १८८३ साली केलेलं. अशा ताज्या हत्यारांनी वॉर्डने त्या गोळ्यांतून कितीतरी जीव बाहेर काढले. मग एकेक बाजूला करत गेला. काही नुसतेच घुसखोर. दोन नेहमी सापडायचे, पण त्यांच्यावाचून अडत नव्हतं. शेवटी खरे कर्ते दोनच उरले : पेरूच्या आकाराचं नव्हे, 'पेअर' या फळाच्या आकाराचं एक यीस्ट, आणि किड्यासारखा वळवळीत दिसणारा, अंगाभोवती जाड जेलीचं वेटोळं करणारा एक बॅक्टेरिया. त्या जेलीच्या वेटोळ्यांत यीस्टच्या पेशी अडकतात आणि साबुदाणा तयार होतो.

इथवर कुणीही चांगला निरीक्षक आला असता. वॉर्डची पुढची पायरी मला फार आवडते, कारण आमच्या धंद्यात तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. दोष सापडला असं म्हणायचं असेल तर तो पुन्हा घडवून दाखवावा लागतो. त्याने दोन्ही जीव वेगवेगळे, शुद्ध वाढवले, आणि मग ते एकत्र करून प्लान्ट पुन्हा उभा केला. एकट्या यीस्टला ते जमत नाही. एकट्या बॅक्टेरियालाही नाही. त्याचं म्हणणं असं की यीस्ट जे बाहेर टाकतं ते बॅक्टेरियाच्या उपयोगी पडतं, आणि बॅक्टेरिया ते उचलून नेतो म्हणून यीस्टचं काम तुंबत नाही. अशा सहजीवनासाठी 'सिम्बायोसिस' हा शब्द दे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७०च्या दशकाच्या शेवटी रूढ केला होता, दगडफुलासारख्या जीवांबद्दल बोलताना. (हो, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल. तेही एक झाड नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे.)

आज त्या दोघांची नावं बदलली आहेत. बॅक्टेरिया लॅक्टोबॅसिलसच्या गोतावळ्यातला, म्हणजे दह्यातल्या जंतूंचा लांबचा भाऊबंद. साखरेचा रेणू फोडून त्यातला ग्लुकोजचा भाग तो एकापुढे एक जोडत जातो. ती साखळी म्हणजे ती जेली. साखर त्याचं अन्नही आहे आणि घराच्या विटाही.

प्लान्ट आला कुठून, हे मात्र शेवटपर्यंत नक्की झालं नाही. क्रिमियाच्या युद्धातून १८५५ साली परतलेल्या सैनिकांनी आणला, अशी गोष्ट सांगितली जाते. मला ती जरा फारच नीटस वाटते. लंडनच्या रस्त्यावर जिंजर बिअर विकणाऱ्यांबद्दल हेन्री मेह्यूने त्याआधीच लिहून ठेवलं आहे, म्हणजे पेय जुनं होतंच. त्यासाठी साधं बिअरवाल्याकडचं यीस्टही चालायचं. प्लान्ट सैनिकाच्या पिशवीतून आला असेल, किंवा एखाद्या स्वयंपाकघरात आपोआप जुळून आला असेल. आलं जमैकाहून यायचं, आपल्या कोचीहूनही यायचं. बाजारात 'कोचीन जिंजर' हे नावच होतं. आल्याच्या कुठल्या तुकड्याला काय चिकटून आलं, याची नोंद कोण ठेवणार?

नोंद ठेवली गेली ती फक्त पद्धतीची. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमधल्या घराघरांत ती पोरांच्या हातात होती. सात दिवस रोज चमचाभर साखर, चमचाभर सुंठ. सातव्या दिवशी गाळायचं. पाण्याची जिंजर बिअर करायची. उरलेल्या गाळाचे दोन भाग करायचे : एक परत बरणीत, एक मैत्रिणीला किंवा शेजाऱ्याला. अर्धं देऊन टाकायचं. दिलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात दोन बरण्या, तिसऱ्या आठवड्यात चार, आणि महिनाभराने सोळा. त्यातल्या बऱ्याच बरण्यांत वॉर्डचा साबुदाणा नव्हताच म्हणा. कुणीतरी मधेच पावाचं यीस्ट घालून सुरू केलेलं, नाव तेवढं जुनं. बाटल्या मात्र तिकडेही फुटायच्या.

या 'अर्धं द्या' नियमाकडे मी आधी इंग्लिश गृहिणींची काटकसर म्हणून पाहिलं. जूनमध्ये मी दोन आठवडे घरी गेलो, परत येऊन बरणी उघडली, आणि नियम कळला. वर हिरवी-काळी बुरशी, वास नको तितका. माझा बग मेला होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. महत्त्वाचा डेटा एकाच मशीनवर ठेवणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय काय बोलतो!

जिंजर बग मेला तर मेला; आलं किसून पाच दिवसांत दुसरा होतो. खऱ्या प्लान्टचं तसं नाही. तो आल्या-साखरेतून हमखास तयार करता येत नाही. एक तर वॉर्डसारखी प्रयोगशाळा हवी, नाही तर ज्याच्याकडे आहे त्याने दिला पाहिजे. जर्मनीतल्या सूक्ष्मजीवांच्या एका मोठ्या संग्रहात तो जपलेला आहे, ते बरंच झालं. पण तिथे पोचेपर्यंतची वाट स्वयंपाकघरांतूनच गेली. एका घरात आजारपण आलं, स्थलांतर झालं, कुणी विसरलं, तरी दुसऱ्या घरात अर्धा असायचा. वॉर्डने त्याची सगळी घडण कागदावर मांडली, आणि १९०६च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच वर्षी कूपर्स हिलचं कॉलेजही बंद झालं. ज्यांच्याकडे बरण्या होत्या त्यांनी त्याचा निबंध बहुधा वाचलाही नसेल.

घरी फोन झाला तेव्हा आईला हे सांगितलं. कूपर्स हिलमध्ये तिला रस नव्हता. ती म्हणाली, "काकू गेल्या वर्षी मुलीकडे बंगळूरला राहायला गेल्या, जाताना आमच्याकडचंच विरजण डब्यात घालून नेलं." आणि मग, "तुझ्याकडे आहे का? की पिशवीतलं आणतोस?"

पिशवीतलंच आणत होतो. पुढच्या वेळी परत येताना मीही छोट्या डब्यात आणलं, सहा तास मांडीवर धरून. बस उकडत होती, वरचं पाणी थोडं सांडलं, पण दही लागलं. दुसरा जिंजर बगही आता पंधरा दिवसांचा आहे. खालच्या मजल्यावर नवीन जोडपं आलंय, त्यांची अजून नीट ओळख नाही. रविवारी गाळायचा दिवस आहे. दोन वाट्या घासून ठेवल्यात.