यूजीसी-केअर यादी

'''यूजीसी-केअर यादी''' ही भारतातील विद्यापीठीय संशोधनाच्या मूल्यमापनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ ते २०२५ या काळात प्रसिद्ध केलेली संशोधनपत्रिकांची अधिकृत यादी होती. 'कन्सॉर्शियम फॉर ॲकॅडेमिक अँड रिसर्च एथिक्स' या नावाचे 'केअर' हे लघुरूप होय. यादीचे काम पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रकाशन नीतिमत्ता केंद्रातून चालत असे. प्राध्यापकांची नेमणूक व पदोन्नती आणि संशोधक विद्यार्थ्यांची पात्रता ठरवताना कोणत्या नियतकालिकातील शोधनिबंध ग्राह्य धरावा, हा प्रश्न सोडवणे हा यादीचा उद्देश होता. आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादी बंद केली आणि नियतकालिकांची निवड करण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांवर सोपवली.

== पार्श्वभूमी ==
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी महाविद्यालयीन व विद्यापीठीय शिक्षकांच्या मूल्यमापनासाठी गुणांकपद्धती आणली. ही पद्धती 'एपीआय' या नावाने ओळखली जाते. तीत प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक शोधनिबंधाला ठरावीक गुण मिळत. त्यामुळे निबंधाच्या गुणवत्तेपेक्षा निबंधांच्या संख्येला महत्त्व आले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अटही विद्यार्थ्यांवर होती. ती २०२२ च्या विनियमांत काढून टाकण्यात आली.

या मागणीतून शुल्क घेऊन कोणतेही परीक्षण न करता काही दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा व्यवसाय वाढला. अशा प्रकाशनांसाठी 'प्रीडेटरी', म्हणजेच भक्षक नियतकालिके, ही संज्ञा अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये रूढ केली. २०१३ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकाचे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका असलेला एक बनावट निबंध ३०४ मुक्त प्रवेश नियतकालिकांकडे पाठवला. त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. त्या पाहणीत भारतातून चालवल्या जाणाऱ्या नियतकालिकांची संख्या लक्षणीय होती.

आयोगाने २०१७ मध्ये 'मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी' प्रसिद्ध केली. तीत ३० हजारांहून अधिक नियतकालिके होती. त्यांतील बरीच स्कोपस व वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमधून घेतलेली होती, तर काही हजार नियतकालिके विद्यापीठांनी केलेल्या शिफारशींवरून समाविष्ट झाली होती. या दुसऱ्या गटात भक्षक नियतकालिके शिरल्याची टीका लवकरच सुरू झाली.

== पुणे विद्यापीठातील अभ्यास ==
भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे, सुभाष लाखोटिया, विश्वमोहन कटोच व डेव्हिड मोहर यांनी केलेला या यादीचा चिकित्सक अभ्यास मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ५,६९९ नियतकालिकांमधून १,३३६ नियतकालिके यादृच्छिक पद्धतीने निवडण्यात आली. त्यांपैकी ३२७ नियतकालिके स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये आधीच नोंदलेली असल्याने वगळण्यात आली आणि उरलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी झाली.

तपासणीतील प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते :
* ३४.५ टक्के नियतकालिके प्राथमिक निकषांवरच अपात्र ठरली. त्यांचा पत्ता, संकेतस्थळाचा तपशील किंवा संपादकांची नावे चुकीची होती किंवा उपलब्धच नव्हती.
* ५२.३ टक्के नियतकालिकांनी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची अर्हता तोकडी होती. खोट्या माहितीत चुकीचा आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टरविषयीचे खोटे दावे आणि संशयास्पद सूचींमधील नोंदी यांचा समावेश होता.
* आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नसलेल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असण्याची शक्यता अभ्यासकांनी नोंदवली.

या निष्कर्षांचा रोख केवळ प्रकाशकांवर नव्हता. ही नियतकालिके विद्यापीठांनीच सुचवलेली असल्याने विद्यापीठांच्या अंतर्गत छाननीतील उणीव त्यातून उघड झाली. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली.

== स्थापना व कार्यपद्धती ==
२८ नोव्हेंबर २०१८ च्या जाहीर सूचनेद्वारे आयोगाने 'केअर'ची स्थापना जाहीर केली. पहिली यादी जून २०१९ मध्ये उपलब्ध झाली आणि त्यानंतर तिच्यात वेळोवेळी भर घालण्यात व दुरुस्ती करण्यात येत असे. पुढील काळात यादीचे दोन गट होते. पहिल्या गटात 'केअर'च्या निकषांवर तपासलेली नियतकालिके असत, तर दुसऱ्या गटात स्कोपस व वेब ऑफ सायन्समध्ये नोंदलेली नियतकालिके येत. मराठीसह अन्य भारतीय भाषांतील नियतकालिके मुख्यतः पहिल्या गटातून समाविष्ट होत.

नियतकालिकाची तपासणी टप्प्याटप्प्याने होत असे. आयएसएसएन क्रमांक, प्रकाशनाचा नियमितपणा, संपादक मंडळाचे तपशील, परीक्षणाची पद्धत, प्रकाशन नीतिमत्तेविषयीचे जाहीर धोरण आणि शुल्काबाबतची पारदर्शकता या बाबी पाहिल्या जात. यादीतील नियतकालिकाचे नाव व आयएसएसएन क्रमांक चोरून तयार केलेल्या बनावट संकेतस्थळांची, म्हणजेच 'क्लोन' नियतकालिकांची, माहितीही 'केअर'च्या संकेतस्थळावर दिली जात असे. केवळ छापील स्वरूपात निघणाऱ्या आणि स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या नियतकालिकांना अशा तोतयेगिरीचा धोका अधिक होता.

== संबंधित नियम व अभ्यासक्रम ==
जुलै २०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्य प्रतिबंधासाठी विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार विभाग व संस्था अशा दोन पातळ्यांवर शैक्षणिक सचोटी समित्या स्थापन करणे आवश्यक आहे. साम्याच्या प्रमाणानुसार प्रबंधांबाबत पुढील कारवाई विहित आहे :
* १० टक्क्यांपर्यंत : किरकोळ साम्य, दंड नाही.
* १० ते ४० टक्के : सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करणे.
* ४० ते ६० टक्के : सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची मनाई.
* ६० टक्क्यांहून अधिक : नोंदणी रद्द.

प्रसिद्ध झालेल्या निबंधात ४० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास शिक्षकाला निबंध मागे घ्यावा लागतो, त्याची वार्षिक वेतनवाढ रोखली जाते आणि त्याला ठरावीक काळ संशोधन मार्गदर्शन करता येत नाही. ही मनाई ४० ते ६० टक्के साम्यासाठी दोन वर्षांची, तर त्याहून अधिक साम्यासाठी तीन वर्षांची आहे. उद्धृते, संदर्भसूची व सर्वसामान्य ज्ञानाचा भाग असलेली शब्दरचना साम्याच्या मोजणीतून वगळली जाते.

साम्यतपासणीची संगणकप्रणाली केवळ शब्दांची जुळणी दाखवते. अनुवाद करून केलेली उचल, रचलेली माहिती किंवा प्रतिमांमधील फेरफार तिला सहसा सापडत नाहीत. त्यामुळे कमी टक्केवारी हा प्रामाणिकतेचा पुरावा ठरत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यात तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र, वैज्ञानिक आचरण, प्रकाशन नीतिमत्ता, मुक्त प्रवेश प्रकाशन, प्रकाशनातील गैरवर्तन आणि संशोधनमापनाची साधने असे सहा घटक आहेत.

== टीका व यादीची समाप्ती ==
यादीमुळे भक्षक नियतकालिकांना काही प्रमाणात आळा बसला, तरी तिच्यावर आक्षेपही घेण्यात आले. एका केंद्रीय यंत्रणेने देशातील सर्व विषयांच्या व भाषांच्या नियतकालिकांची तपासणी करणे व्यवहार्य नाही, नोंदणीला विलंब लागतो, भारतीय भाषांतील नियतकालिकांना पुरेसे स्थान मिळत नाही आणि यादीत असलेले नाव अचानक वगळले गेल्यास लेखकाचे नुकसान होते, हे त्यांपैकी प्रमुख आक्षेप होते. यादीतील समावेश हाच गुणवत्तेचा पुरावा मानला गेल्याने निबंध प्रत्यक्ष वाचून मत बनवण्याची सवय निवड समित्यांमध्ये रुजली नाही, असेही मत मांडले गेले.

ऑक्टोबर २०२४ मधील बैठकीत यादी बंद करण्याचा निर्णय झाला आणि तो फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. यादीऐवजी आयोगाने संपादक मंडळ, संपादकीय धोरण, परीक्षणपद्धती, संशोधन नीतिमत्ता व नियतकालिकाची उपलब्धता यांविषयीचे सूचक निकष मांडले. संस्थांनी आपापल्या विषयांनुसार स्वतःची यंत्रणा उभारावी, अशी अपेक्षा त्यामागे आहे. २०१७ च्या यादीतील दोष विद्यापीठांच्या शिफारशींमधूनच आले होते. त्यामुळे हे विकेंद्रीकरण यशस्वी होणे संस्थांच्या अंतर्गत छाननीवर अवलंबून आहे.

== संस्थात्मक मूल्यमापनाचे निर्देशांक ==
नियतकालिकांऐवजी संपूर्ण विद्यापीठाची संशोधन सचोटी मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. बैरुत येथील अमेरिकी विद्यापीठाचे लोकमान मेहो यांनी २०२५ मध्ये 'रिसर्च इंटेग्रिटी रिस्क इंडेक्स' हा निर्देशांक मांडला. दर हजार निबंधांमागे मागे घेतलेल्या निबंधांची संख्या आणि आंतरराष्ट्रीय सूचींमधून वगळलेल्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांचे प्रमाण हे त्याचे मूळ घटक होते. पुढे त्यात संस्थेने स्वतःचेच संदर्भ देण्याचे प्रमाणही जोडण्यात आले.

अशा निर्देशांकांचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक असते. निबंध मागे घेणे हे गैरवर्तनाचे लक्षण असू शकते, तसेच ते प्रामाणिक चूक स्वतःहून दुरुस्त केल्याचेही लक्षण असू शकते. ज्या संस्थेतील संशोधनाची कोणी छाननीच करत नाही, तेथे हे प्रमाण शून्यही दिसू शकते.

== महाराष्ट्रातील स्थिती ==
एकाच प्रकरणात वेगवेगळ्या यंत्रणांचे निष्कर्ष कसे भिन्न असू शकतात, याचे उदाहरण पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आढळते. तेथील २००५ चा एक निबंध प्रतिमांविषयीच्या आक्षेपांनंतर २००७ मध्ये संबंधित नियतकालिकाने मागे घेतला. मात्र बाहेरील तज्ज्ञांच्या समितीला त्यात फेरफार आढळला नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात मूल्यमापनाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी दिसतात. जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने त्यांना आयोगाचे नियम लागू होतात. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ मात्र कृषी शिक्षणाच्या चौकटीत येते. या क्षेत्रात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे नियतकालिक गुणांकन वापरले जाते. त्यात कमाल २० गुण असून इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकांना ६ पर्यंतच गुण मिळतात. त्यामुळे मुरूड किंवा हर्णै येथील मासेमारी वा बागायतीवर लिहिलेला एखादा निबंध लेखक कोणत्या संस्थेत आहे यावरून वेगवेगळ्या मापाने मोजला जाऊ शकतो. स्थानिक प्रश्नांवरील मराठी लेखनाला या दोन्ही पद्धतींत कितपत स्थान मिळते, हा चर्चेचा विषय राहिला आहे.

== हे सुद्धा पहा ==
* विद्यापीठ अनुदान आयोग
* सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
* वाङ्मयचौर्य
* डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ