राजा विक्रम, मुक्काम पोस्ट पैठण

आमच्या वसमतला स्वप्नसृष्टी पुरवण्याचं कंत्राट मद्रासकडे होतं.

दचकू नका. त्या काळी वसमत परभणी जिल्ह्यात होतं. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही जागच्या जागी बसून जिल्हा बदलला. रेल्वेच्या पाटीवर गावाचं नाव 'बसमत', आमच्या तोंडी 'वसमत', आणि गावाची कीर्ती सगळी हळदीची. आता हळद ही पोटापाण्याला उत्तम, लग्नकार्यात तर अत्यावश्यक. पण दहा वर्षांच्या पोराला हळदीतून काही राक्षस, यक्ष, उडते घोडे दिसत नाहीत. हा माल मद्रासहून यायचा, 'चांदोबा' नावाच्या मासिकातून. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघा तेलुगू गृहस्थांनी १९४७ साली ते तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं. १९५२पासून मराठीत 'चांदोबा' निघू लागला. गावात अंक मोजके यायचे आणि वाचणारे डोळे शंभर, त्यामुळे अंक हातात पडेपर्यंत त्याची पानं जुन्या नोटेसारखी मऊ झालेली असत.

अंक हाती आला की आधी उघडायचा तो विक्रम आणि वेताळ. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती मसणवटा, असा तो राजा शंकर या चित्रकारानं काढलेला. प्रेतात बसलेला वेताळ गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर ठाऊक असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील. आणि दिलंस तर तुझं मौन मोडलं म्हणून मी पुन्हा झाडावर. इतरांना हा नियम अजब वाटेल. आम्हांला तो ओळखीचा होता. शाळेत उत्तर आलं नाही तर छडी, आणि आलं तर "फार शहाणा झालास" म्हणून छडी.

एका बाबतीत मात्र सगळ्या पोरांचं एकमत होतं. असलं काही घडायचं ते लांब कुठंतरी. उज्जैनला घडेल, काशीला घडेल, वसमतला घडणार नाही. वसमतला फक्त पंचायत समितीच्या निवडणुका घडायच्या. त्यातून आमची भाषाही अशी, की तीत एखादा राजा बोलू शकेल असं आम्हांलाच वाटत नसे. देशावरून बदलून आलेल्या एका मास्तरांनी तर आमचं "मी घरी जायलो" आणि "तू काय करायलास" ऐकून कपाळाला हात लावला होता. "अरे, ही काय भुताची भाषा?" असं ते म्हणाले. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

पुढं नोकरी झाली, निवृत्ती झाली. निवृत्त माणसाला घरात बसू देत नाहीत आणि बाहेर कुणी बोलावत नाही, तेव्हा मी नांदेडच्या एका वाचनालयातून 'कथासरित्सागरा'चे मराठी खंड आणायला सुरुवात केली. म्हटलं, वेताळाचं मूळ घर तरी पाहून येऊ. हा ग्रंथ काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिला. राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी त्यानं हा उद्योग केला. अठरा लंबक, एकशे चोवीस तरंग आणि वीस हजारांहून अधिक श्लोक. राणीचं मन रमणं हे त्याही काळी सोपं काम नव्हतं असं दिसतं.

वेताळाच्या गोष्टी त्यात बाराव्या लंबकात आहेत. मी चष्मा पुसून वाचायला बसलो, आणि पहिल्याच ओळींपाशी खुर्चीवरून उठलो. राजाचं नाव त्रिविक्रमसेन. गाव? गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान. म्हणजे पैठण! जी गोदामाय पैठणहून निघून आमच्या नांदेडच्या घाटाला लागून जाते, तिच्या काठचा माणूस! उज्जैनचा विक्रमादित्य या गोष्टीत पुढं येऊन बसला. सोमदेवाच्या पोथीत राजा आपल्या मराठवाड्याचा आहे. बर्फात बसलेल्या काश्मिरी कवीनं वेताळाला खांद्यावर घेण्यासाठी माणूस शोधला तो पैठणचा. ओझं वाहण्याचा आमचा लौकिक बराच जुना दिसतो.

मग काय, घरात आल्यागेल्याला मी हे सांगू लागलो. आमच्या मोठ्या आत्येला वेताळाचा शेवटचा प्रश्नही घातला. बाप आणि मुलगा रानातून जात असतात. वाटेत दोन बायकांची पावलं उमटलेली दिसतात, एक मोठं, एक लहान. ठरतं असं, की मोठ्या पावलाची ती बापानं करायची, लहान पावलाची मुलानं. पुढं पाहतात तर मायलेकी. आणि मोठं पाऊल नेमकं लेकीचं! शब्द तो शब्द. बापाची बायको लेक, मुलाची बायको आई. आता या दोघींना मुलगे झाले, तर त्या मुलांचं आपसांत नातं काय? इथं त्रिविक्रमसेन गप्प झाला. एवढा ज्ञानी राजा, पण उत्तर सुचेना, आणि त्या मौनामुळंच तो सुटला.

आत्यानं शेंगा सोलता सोलता क्षणभर वर पाहिलं. "त्यात काय एवढं? बापाचा पोरगा तो दुसऱ्याचा चुलता. अन् दुसरा ह्याचा मामा. दोघांनीबी एकमेकाला आहेर करायचा." आणि पुन्हा शेंगा. मी कागदावर आकृती काढून पाहिली. बरोबर निघालं. त्या रात्री मसणवट्यात राजाऐवजी आमची आत्या गेली असती, तर वेताळ आजतागायत झाडावरच लटकत राहिला असता.

पण खोदायला लागलं की माणूस थांबत नाही. सोमदेव स्वतःच सांगतो, की हे सगळं माझं नाही; मूळ ग्रंथ गुणाढ्याची 'बृहत्कथा', मी तिचं सार काढलं. आणि हा गुणाढ्य कोण? प्रतिष्ठानच्याच मुलखात जन्मलेला, सातवाहन राजाचा मंत्री. पुन्हा पैठण!

त्याची हकिगत खुद्द सोमदेवानं दिली आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. पाणी उडवून बेजार झालेली एक राणी संस्कृतात म्हणाली, "मोदकैः" वगैरे. म्हणजे मा उदकैः, पाण्यानं मारू नका. राजाला संधी काही कळला नाही. त्यानं मोदकांचं ताट मागवलं. राणी हसली, राजा शरमेनं अंथरुणाला खिळला, आणि म्हणाला, मला व्याकरण शिकवा. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहात शिकवीन. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. न जमलं तर बारा वर्षं तुमचे जोडे डोक्यावर वागवीन. गुणाढ्य चिडून म्हणाला, जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानं 'कातंत्र' नावाचं सुटसुटीत व्याकरण रचलं आणि पैज जिंकली. हे व्याकरण पुढं शतकानुशतकं शिकवलं गेलं. आजच्या सगळ्या गाईडांचा आणि अपेक्षित प्रश्नसंचांचा मूळपुरुष पैठणचाच म्हणायचा.

गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथं त्याला चौथी भाषा मिळाली, पैशाची. पिशाच्चांची भाषा. दंडी नावाच्या साहित्यशास्त्रकारानं बृहत्कथेची भाषा म्हणून हिचं नाव सरळ 'भूतभाषा' असंच दिलंय. मास्तरांची आठवण झाली ना? मलाही झाली. या भूतभाषेत गुणाढ्यानं सात वर्षं बसून सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. शिष्यांबरोबर पोथी राजाकडे धाडली. नुकताच सहा महिन्यांत व्याकरण पास झालेला राजा म्हणाला, "पैशाची भाषा? आणि रक्तानं लिहिलेली? घेऊन जा." व्याकरण शिकल्याबरोबर माणसाला दुसऱ्याची भाषा अशुद्ध वाटू लागते, हे त्या काळापासून चालत आलं आहे.

आता मूळ 'बृहत्कथा' आज कुठंही नाही. बाणभट्टानं तिची वाखाणणी केली आहे, म्हणून ती होती एवढं खरं. नेपाळात सापडलेल्या बुधस्वामीच्या संक्षेपात वेताळ नाही. क्षेमेंद्र आणि सोमदेव या दोघा काश्मिरींच्या ग्रंथांत आहे. म्हणून वेताळ मागाहून येऊन बसला असावा असं पंडितांचं मत. असेना का! वेताळच तो, कुणाच्याही अंगात शिरणार. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळ पंचविशी' छापील मराठीत आणली. मद्रासवाल्यांनी तर मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्यावरही त्याला झाडावरून उतरू दिलं नाही. नव्या गोष्टी रचून वर्षानुवर्षं बोलतं ठेवलं. आता 'चांदोबा' बंद पडला, पण पैठणचा राजा काश्मीर आणि मद्रास फिरून मीटर गेजच्या गाडीनं आमच्या वसमतला पोचला होता, एवढं झालं.

गुणाढ्याचं पुढं काय झालं? त्यानं टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एक पान वाचायचं, आगीत टाकायचं. ऐकायला हरणं, डुकरं, रेडे जमले. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ते ऐकत राहिले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं आहे. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं, शिकारी म्हणाले, जनावरं चरतच नाहीत, ती गोष्टी ऐकताहेत. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेला एक लाख त्यानं नमस्कार करून घेतला. पुढं याच पैठणात ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलवले अशी कथा आहे. म्हणजे पैठणच्या दरबारापेक्षा त्या बाजूच्या जनावरांनाच साहित्याची चाड जास्त.

आता आमच्या शेजारचा नातू "आजोबा, मी शाळेत जायलो" म्हणाला, की मी त्याला थांबवून एक गोष्ट सांगायला लावतो. त्याच्या भाषेतच. मधे दुरुस्ती करीत नाही. एक लाख श्लोकांत एवढं मावलं, तर त्या सहा लाखांत काय काय असेल! ते फक्त विंध्यातल्या हरणांना ठाऊक आहे, आणि त्यांची भाषा शिकायला सहा महिने पुरतील असं काही दिसत नाही.