प्रत्येक संकटानंतर थोडे अधिक लोकांचे : डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वाटचाल

मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात आहे. वाघ आणि पेंग्विन बघायला आलेली कुटुंबे मुलांचा हात धरून त्याच्या पायऱ्या चढतात आणि सोनेरी नक्षीच्या खांबांखाली येताच आपोआप हळू बोलू लागतात. या वास्तूने दीडशे वर्षे ओलांडली आहेत. पण संस्थेचा इतिहास वास्तूहून जुना आहे, आणि तो एकामागून एक आलेल्या संकटांचा आहे. लष्कर, शेअरबाजार, पावसाची ओल आणि महासाथ या सगळ्यांनी तिला कधी ना कधी रस्त्यावर आणले किंवा दारे बंद करायला लावली. प्रत्येक वेळी ती सावरली, कारण ती आपली आहे असे मानणारे कोणीतरी या शहरात होते. संकटाची तयारी आणि पाहुण्यांचे स्वागत ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे ही वाटचाल पाहताना पटत जाते.

बराकीतली सुरुवात

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून धान्ये, लाकूड, खनिजे, कापड आणि कारागिरीच्या वस्तू गोळा झाल्या. त्याच वस्तूंचा दुसरा संच मुंबईत ठेवायचे ठरले, आणि त्यातून १८५७ मध्ये फोर्टातल्या टाउन बॅरक्समध्ये सरकारी मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. डॉ. जॉर्ज बुइस्ट हे त्याचे पहिले क्युरेटर. या देशात काय पिकते आणि काय विकता येईल हे व्यापाऱ्यांना दाखवावे, हा सरकारचा मुख्य हेतू होता.

त्याच वर्षी उत्तरेत उठाव पेटला. सैन्याला बराकी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला आणि त्यातला बराच भाग नष्ट झाला. संस्थेवरचा हा पहिला आघात होता. उसन्या जागेत राहणाऱ्या संग्रहालयाला संकटाच्या वेळी सगळ्यात आधी बाहेर पडावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

१८५८ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे क्युरेटरपद आले. वाचलेल्या वस्तू टाउन हॉलमध्ये हलवल्या गेल्या. पण बर्डवुड तेवढ्यावर थांबले नाहीत. संग्रहालयाला स्वतःची इमारत हवी आणि ती नागरिकांच्या पैशातून व्हावी, असा आग्रह धरून ते कामाला लागले. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून आणि डॉ. भाऊ दाजी लाड अशी मंडळी त्यांच्या बरोबर उभी राहिली. भाऊंनी तर बर्डवुड यांच्यासोबत समितीचे चिटणीसपद सांभाळले.

भाऊ मूळचे गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. गरिबांना औषध देणे, शिलालेख आणि जुनी नाणी वाचणे, मुलींच्या शाळांसाठी धडपडणे या सगळ्या कामांत ते एकाच तळमळीने गुंतलेले असत. संग्रहालय हेही त्यांच्या लेखी लोकशिक्षणाचेच साधन होते.

कापसाचा पैसा आला आणि गेला

नोव्हेंबर १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तो काळ मुंबईच्या सुबत्तेचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला, देणग्यांचे आकडे फुगले आणि भायखळ्याला भिंती चढू लागल्या.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले आणि कापसाचा भाव कोसळला. बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर कवडीमोल झाले. बँका बुडाल्या, मोठमोठ्या पेढ्यांनी दिवाळे काढले. त्याच वर्षी नाना शंकरशेट गेले. संग्रहालयाचे काम अर्ध्यावर थांबले. ज्यांनी देणग्या कबूल केल्या होत्या, त्यांच्याकडेच काही उरले नव्हते.

अखेर सरकारने काम हाती घेतले आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची दारे लोकांसाठी उघडली. आराखडा पॅलेडियन शैलीचा होता. आत ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, मिंटनच्या रंगीत फरश्या आणि मधोमध मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा होता. तो ससून यांनी दिलेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊंचे निधन झाले. पूर्ण झालेली वास्तू त्यांना पाहता आली, याचे आजही समाधान वाटते. तेजीच्या पैशावर कोणतीही सार्वजनिक संस्था टिकत नाही, तिला सरकारचा आधार आणि नागरिकांचा जिव्हाळा दोन्ही लागतात, हा या दुसऱ्या संकटाचा धडा.

शहराचा आरसा

पुढच्या काळात संग्रहालयाचा चेहरा बदलला. व्यापाऱ्यांसाठीचे नमुने मागे पडले आणि लोकजीवन पुढे आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख सेसिल बर्न्स यांच्याकडे इथली जबाबदारी आल्यावर मातीच्या प्रतिकृती आणि देखावे घडवण्यावर भर दिला गेला. वेगवेगळ्या समाजांचे पोशाख, पगड्या, खेड्यातले व्यवसाय, बेटांच्या मुंबईचे नकाशे हे सारे इथे आले. अक्षर न वाचता येणारा गिरणी कामगारही इथे येऊन आपली पगडी, आपली होडी, आपला गाव ओळखू शके. पाहुण्याला आपलेपणा वाटावा यासाठी इथल्या कारागिरांनी केलेले हे फार मोठे काम आहे.

बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला आणि फुटला. ते तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. स्वातंत्र्यानंतर शहरातले ब्रिटिश राज्यकर्त्यांचे पुतळे चौकांतून हलवावे लागले, तेव्हा तेही याच आवारात आले. १९६५ मध्ये ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा पुतळाही इथेच आला. शहराला जे चौकात नको झाले पण मोडून टाकायचे नव्हते, त्याला या जागेने आसरा दिला.

तारीख नसलेले संकट

१९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. नाव मोठे झाले, पण त्या काळात वास्तू खंगत चालली होती. या संकटाला ठरावीक तारीख नाही. दर पावसाळ्यात छतातून थोडे पाणी झिरपते, भिंतीवर ओल चढते, लाकडाला वाळवी लागते, कुठल्याशा दुरुस्तीत जुन्या नक्षीवर रंगाचा हात फिरतो. आग लागली तर शहर धावत येते. ओल आली तर कोणालाच कळत नाही. देशातल्या शेकडो संग्रहालयांना आज याच संकटाने ग्रासले आहे.

यातून बाहेर पडण्याची वाट २००३ मध्ये सापडली. मुंबई महानगरपालिका, वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला. मालकी पालिकेचीच राहिली, तज्ज्ञता इन्टॅककडून आली आणि खाजगी देणगीची जोड मिळाली. तस्नीम झकारिया मेहता यांनी या कामाचे नेतृत्व केले. वास्तूच्या जतनाची जबाबदारी वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी सांभाळली. छताची नक्षी, सोन्याचा वर्ख, कोरीव काचा, फरश्या आणि लोखंडी कठडे यांच्याबरोबर संग्रहातल्या वस्तूंवरही उपचार झाले. काम चालू असतानाच, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. या शहरात वारसा जपायचा म्हणजे आधी पाण्याचा विचार करायचा, याची ती कठोर आठवण होती. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान या वास्तूला मिळाला, आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

दार उघडल्यावरचे काम

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. डागडुजी झालेली सुंदर वास्तू काही वर्षांत पुन्हा ओस पडू शकते. इथे मात्र मुलांच्या कार्यशाळा, कलेच्या इतिहासाचे अभ्यासक्रम आणि आजच्या कलावंतांची प्रदर्शने सुरू झाली. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया यांच्या कलाकृती जुन्या कपाटांच्या शेजारी मांडल्या गेल्या. २०११ मध्ये कल्लाट यांनी बांबूच्या परांचीच्या रूपातले शिल्प इथे उभे केले. सतत बांधकामात असलेल्या मुंबईला आणि नुकत्याच दुरुस्त झालेल्या या वास्तूला ते थेट भिडणारे होते.

या साऱ्यात ज्यांच्याविषयी सगळ्यात कमी लिहिले जाते, ते म्हणजे दालनात उभे राहणारे कर्मचारी. पाहुण्याला स्वच्छतागृह कुठे आहे हे तेच सांगतात, दमलेल्या आजींना बसायला जागा तेच दाखवतात, काचेवर रेललेल्या मुलाला प्रेमाने मागे तेच ओढतात. धूर दिसला तर बाहेर पडायचे दार उघडून गर्दीला वाट दाखवायचे कामही त्यांचेच. भिंतीवरचा ओलीचा नवा डाग पहिल्यांदा झाडू मारणाऱ्या बाईंना दिसतो. त्यांचे म्हणणे वरपर्यंत त्याच दिवशी पोहोचले, तर वीस वर्षांनी येणारा मोठा खर्च टळतो. म्हणून संकटाचे व्यवस्थापन आधी या माणसांच्या प्रशिक्षणात आणि त्यांना मिळणाऱ्या मानात दिसायला हवे.

अशी संकटे इतर संग्रहालयांवरही आली आहेत. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाला आग लागली. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरोतले ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. तिथे अग्निशामक दलाला जवळच्या नळांतून पुरेसे पाणीच मिळाले नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने जगभरातल्या संग्रहालयांबरोबर भायखळ्याचीही दारे बंद केली. तेव्हा वस्तू सुरक्षित होत्या, पण पाहणारे नव्हते. व्याख्याने आणि कार्यशाळा पडद्यावर न्याव्या लागल्या. संग्रह शाबूत असूनही माणसांवाचून संग्रहालय किती अपुरे असते, हे त्या महिन्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत, जुन्या संस्थानांच्या गावी आणि शाळा-महाविद्यालयांत छोटी संग्रहालये आहेत. त्यांच्याकडे सोन्याचा वर्ख नाही आणि युनेस्कोचा सन्मानही नाही. पण भायखळ्याने जे शिकवले ते त्यांना परवडण्यासारखे आहे. प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह नोंद आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत. पावसाळ्याआधी छत आणि गटारांची तपासणी. आधी माणसे, मग कोणत्या वस्तू कोणत्या क्रमाने बाहेर काढायच्या याची यादी. वर्षातून एकदा अग्निशमन दलासोबत सराव. मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाट्या, बसायला बाक आणि प्यायला पाणी. यातली शेवटची कलमे कोणाला सोयीपुरती वाटतील. ती तशी नाहीत. ज्या संग्रहालयात माणसे आनंदाने येतात, त्याच्यासाठी पालिकेच्या सभेत कोणीतरी निधी मागतो, देणगीदार पुढे येतो, शाळा पत्र लिहितात. १८५८ मध्ये बर्डवुड आणि भाऊंनी हेच ओळखले आणि संस्था नागरिकांच्या हाती सोपवायचा प्रयत्न केला. आज ही जबाबदारी आपल्याकडे आली आहे, आणि आपल्या गावचे संग्रहालय वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन पाहणे ही तिची सुरुवात आहे.