विहिरीवरचा आळ

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला, असे सांगतात. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा बंदीखाना केला. या बंदीखान्याची आख्यायिका इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने ओझरती नोंदवली आहे. कैद्यांना गडावरील विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पिणे भाग पाडीत आणि त्यानेच ते मरत, असा तिचा आशय.

साहित्याचे वाचक म्हणून आम्हांला या नोंदीतील एक उणीव जाणवते. तीत मरणारे आहेत, मरणाचे साधनही आहे. मारणारा मात्र नाही. सारा आळ पाण्यावर येतो.

बंदीवासातील मृत्यूंची भाषा बहुधा अशीच असते. मे १४७१ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये पदच्युत राजा सहावा हेन्री मरण पावला. पुत्राच्या मृत्यूची व पक्षाच्या पराभवाची वार्ता ऐकून तो दुःखातिरेकाने गेला, असे विजयी पक्षाच्या वृत्तांताने सांगितले. १४८३ मध्ये त्याच टॉवरमधून बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ दिसेनासे झाले. चुलत्याने, तिसऱ्या रिचर्डने, त्यांचा घात केल्याची कुजबुज लवकरच सुरू झाली. परंतु तिला सविस्तर कथेचे रूप आले ते १४८५ मध्ये रिचर्ड रणात पडून ट्यूडर घराणे गादीवर आल्यानंतर. शेक्सपिअरने तीच कथा अमर केली.

आंबागडाच्या धन्यांच्या घरातही असेच घडले. दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये वारले. गादीवर आलेले परसोजी अंध व व्याधिग्रस्त होते; कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांच्या हाती गेला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी नागपूरच्या वाड्यात अंथरुणात मृत आढळले. आप्पासाहेब तेव्हा चांद्यास होते. इंग्रजांनी त्यांनाच राजा मानले. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, इंग्रजांशी वैर उघड झाले, आणि १८१८ मध्ये आप्पासाहेब कैद झाल्यावर परसोजींच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर ठामपणे ठेवला गेला. आरोप खोटा होता, असे आम्हांला सुचवायचे नाही. मृत्यूला खून म्हणण्याची वेळही राजकारण ठरवते, एवढेच म्हणायचे आहे. आप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले आणि १८४० मध्ये जोधपुरास वारले. राजकैद्याचे पलायन आणि मरणही इतिहासाने तारखेनिशी जपले.

आंबागडच्या कैद्यांना मात्र गॅझेटियर केवळ गुन्हेगार म्हणते. त्यांची नावे नाहीत, संख्या नाही, गुन्हाही सांगितलेला नाही. त्यांच्या मृत्यूवर कोणाचे सिंहासन अवलंबून नव्हते. त्यामुळे मारेकरी शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही दफ्तराने ज्यांची दखल घेतली नाही, ते निदान मेले, एवढे तिने लक्षात ठेवले.

गडावरचे पाणी हा गडाचा प्राण. जागा निवडताना आधी पाणी पाहावे, मग तट उभारावा. लोकस्मृतीने नेमके त्याच पाण्याला मारेकरी ठरवले. विहिरीला आपली बाजू मांडता येत नाही, आणि ते पाणी पाजण्याचा हुकूम कोणी दिला, हे तिला कोणी विचारलेही नाही.