कावा : घोड्याच्या चालीमागची पायपीट

इतिहासाच्या पुस्तकातला घोडा नेहमी सजलेला असतो आणि त्याच्या पाठीवर कोणीतरी बसलेले असते. त्याच्या चित्राखाली स्वाराचे नाव असते, क्वचित घोड्याचेही असते. परंतु हा घोडा अशा डौलात चालायला कोणी शिकवला, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. शाळेत इतिहास शिकवता शिकवता मला या प्रश्नाने धरले तो एका शब्दामुळे. ‘गनिमी कावा’ हा शब्द सातवी-आठवीच्या मुलांना तोंडपाठ असतो. त्यातल्या ‘कावा’ या शब्दाचा अर्थ विचारला तर ‘डाव’, ‘कपट’ असे उत्तर येते आणि ते बरोबरही आहे. पण याच शब्दाचा दुसराही एक अर्थ जुन्या मराठीत होता. घोड्याला लांब दोरीवर धरून आपल्याभोवती वर्तुळात फिरवायचे, त्यालाही कावा म्हणत. पहिला अर्थ टिकला. दुसरा आपल्या घरांतून गेला. तो गेला, कारण घोडाच गेला.

कावा देणे म्हणजे नुसते गरगर फिरवणे नव्हे. घोड्याच्या चाली आधी समजून घेतल्या पाहिजेत. साधी पाऊलचाल चार ठोक्यांची. दुडकी दोन ठोक्यांची. दुडकी आणि भरधाव यांच्यामध्ये जी संथ, झुलती दौड असते, जिला इंग्रज कँटर म्हणतात, ती तीन ठोक्यांची. घोडा डाव्या हाताच्या वर्तुळात या चालीने धावत असेल तर पहिला ठोका बाहेरच्या, म्हणजे उजव्या, मागच्या पायाचा. मग डावा मागचा आणि उजवा पुढचा हे दोन्ही एकदम पडतात. शेवटी डावा पुढचा टेकतो आणि त्यानंतर क्षणभर चारही पाय अधांतरी असतात. तीन ठोके आणि एक निःशब्द जागा. ताल चुकला तर ऐकणाऱ्याच्या कानाला कळते, आणि बसणाऱ्याच्या कमरेलाही.

ही चाल मारून काढता येत नाही. भ्यायलेला घोडा धावतो खरा, पण मान ताठ, पाठ आखडलेली आणि शेपूट आवळलेली, असा. तो दौडत नसतो, पळत असतो. म्हणून जाणता माणूस पाठीवर बसण्याची घाई करत नाही. तो आधी घोड्याबरोबर जमिनीवर चालतो. थांब म्हटले की थांबणे, चल म्हटले की चालणे, दोन पावले मागे सरणे, एवढेच काही दिवस. मग मोहरकीला पंचवीस-तीस फुटांची दोरी लावून कावा. माणूस मधोमध उभा राहतो. तो घोड्याच्या खांद्याच्या किंचित मागे राहिला की घोडा पुढे चालतो. खांद्याच्या पुढे सरकला की मंदावतो. हातातला चाबूक मारण्यासाठी नसतो, तो लांबवलेल्या हातासारखा दिशा दाखवतो. पाऊलचालीवरून दुडकीवर, दुडकीवरून पुन्हा पाऊलचालीवर, अशा चढउतारांत घोड्याचे मागचे पाय पोटाखाली यायला शिकतात आणि अंगाचा तोल मागे जातो. एके दिवशी नुसत्या आवाजावर तो दुडकीतून अलगद दौडीत शिरतो.

यातली मुख्य गोष्ट दोरी ओढण्याची नाही, सोडण्याची आहे. घोड्याने बरोबर पाऊल टाकले की त्याच क्षणी दोरी सैल झाली पाहिजे. त्याला तेच बक्षीस. मग मान खाली येते, एक कान मधल्या माणसाकडे लागतो, तोंड चघळल्यासारखे हलते, नाकातून फुरफुर निघते. ही घोड्याची राजीखुशी. डावीकडे जितके फेरे तितकेच उजवीकडे, आणि कोवळ्या शिंगराला लहान वर्तुळात फार वेळ नाही, नाहीतर सांध्यांवर ताण पडतो. नियम एवढेच, पण ते महिनोन्‌महिने पाळायचे.

ही विद्या किती जुनी? आजच्या तुर्कस्तानात हत्ती लोकांची हत्तुशा नावाची राजधानी होती. तिथे उत्खननात मातीच्या विटांवर लिहिलेला एक ग्रंथ सापडला. त्याचा कर्ता मितन्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली. काळ आजपासून सुमारे तेहतीसशे-चौतीसशे वर्षांपूर्वीचा. रथाचे घोडे अनेक महिने टप्प्याटप्प्याने कसे तयार करावेत, त्यांना कधी चालवावे, कधी पळवावे, कधी न्हाऊ घालावे, याचे दिवसवार टिपण त्यात आहे. ग्रंथाची भाषा परकी, पण फेऱ्यांचे शब्द वाचताना आपण दचकतो : ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ फेरे! आपल्या ‘आवर्तन’ शब्दातले वर्तन तिथे, इतक्या दूर, घोड्याच्या रिंगणात फिरते आहे. घोड्याला शिकवणाऱ्याची भाषा सरहद्दी ओलांडून जाते, याचा एवढा जुना पुरावा दुसरा क्वचितच असेल.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. स्वारीच्या घोड्याच्या गती सांगताना तो आरंभ करतो वल्गनापासून, म्हणजे वर्तुळातल्या गतीपासून, आणि शेवट करतो नारोष्ट्रावर, म्हणजे नुसत्या खुणेवर चालण्यावर. वर्तुळापासून खुणेपर्यंत : जमिनीवरचे सगळे शिक्षण या दोन टोकांमध्ये बसते. पुढे कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात घोड्यावरून चेंडू खेळण्याच्या राजविनोदाचे सविस्तर प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी आणि कानडी शेजारी नांदणारे गाव.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. गोव्याच्या दमट हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे, तरी मध्ययुगात गोवा घोड्यांसाठी प्रसिद्ध होता, तो बाजारपेठ म्हणून. होर्मुझहून आणि अरबस्तानातून जहाजे भरून घोडे इथे उतरत आणि घाट चढून विजयनगराकडे किंवा बहामनी आणि पुढे आदिलशाही मुलखात जात. १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतले, त्यात या व्यापाराची किल्ली हाती ठेवण्याचा हेतू मोठा होता. १५४७ मध्ये पोर्तुगीजांनी विजयनगराशी तह केला, त्यात गोव्यात उतरणारे घोडे विजयनगराला मिळावेत, विजापूरला नव्हे, असे कलम होते. घोडा हे त्या काळचे तोफखान्याइतकेच मोलाचे शस्त्र होते.

फर्नांव नुनिश हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी १५३५ च्या सुमारास विजयनगरात होता. साळुव नरसिंह राजाविषयी त्याने लिहून ठेवले आहे की तो तीन घोड्यांना हजार पर्दाव देई, घोडा जिवंत असो वा मेलेला. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळत. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने तामिळ किनाऱ्यावरची हकिगत सांगितली आहे : हजारो घोडे येतात, पण सांभाळण्याची रीत ठाऊक नसल्याने बहुतेक मरतात, आणि व्यापारी मुद्दामच घोड्यांचे जाणकार तिकडे जाऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे खपतील. परदेशी प्रवाशांच्या लिहिण्यात तिखटमीठ असते हे धरूनही, एक गोष्ट या दोन्ही हकिगतींतून उघड दिसते. पैसे टाकून घोडा मिळत होता. त्याचे चालणे, त्याचे टिकणे पैशाने मिळत नव्हते. त्यासाठी त्याच्याजवळ रोज उभा राहणारा माणूस लागत होता.

१५१० नंतर पोर्तुगीजांची सत्ता तिसवाडी, बार्देश, साष्टी एवढ्यात स्थिरावली. पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख पुढे दोन-अडीच शतके त्यांच्याबाहेर राहिला; डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली त्यांच्याकडे कायमचे गेले. तोवर इथे आदिलशाहीचे, मग शिवछत्रपतींचे, मग सावंतवाडीकर भोसल्यांचे स्वार फिरले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार महाराजांनी १६६८ साली करवला, तो याच डिचोली भागात. नदीपलीकडे घोड्याचा बाजार आणि अलीकडे घोड्याची पागा, अशी ही हद्द होती.

पागेचा हिशेब सभासदाने बखरीत दिला आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा ही माणसे लष्कराच्या रचनेतच धरलेली होती. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मनाला येईल तशी उडवलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असा त्याचा आशय. इथे राजा मेलेल्या घोड्याच्या शेपटीचे पैसे मोजत नाही. जिवंत घोडा कोणाच्या हयगयीने मरेल, ते आधीच सांगून ठेवतो. भीमा-नीरेच्या काठच्या भीमथडी तट्टांनी मोठमोठ्या अरबी घोड्यांना दमवले म्हणतात, त्यामागे ही पागेची शिस्त होती.

पागा मोडल्या, संस्थाने गेली. तरी हजारो माणसांसमोर, पाठीवर स्वार नसताना, एक घोडा राजीखुशीने वर्तुळात दौडतो, असे दृश्य आजही पाहता येते, आणि त्याचे मूळ आपल्याच सीमाभागात आहे. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातले अंकली हे गाव. तिथल्या शितोळे सरदारांचे दोन अश्व ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दर आषाढीला पंढरपूरला जातात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हापासूनचा हा मान. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याची पाठ मोकळी. लाखोंचा समुदाय, टाळमृदंगांचा कल्लोळ, आणि मधून हा रिकाम्या पाठीचा घोडा गोल रिंगणात धावतो. वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

वारकऱ्यांची श्रद्धा अशी की त्या पाठीवर माउली असतात. या श्रद्धेला धक्का न लावता इतिहासाच्या मास्तराने एवढेच सांगावे की हे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर चालत जातात, माणसांच्या सोबतीने, गावोगावच्या गर्दीतून. ग्रीक सेनानी झेनोफोनने तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यात शिंगराला मोतद्दाराने गर्दीतून आणि गलबल्यातून फिरवावे, म्हणजे यात भिण्यासारखे काही नाही हे त्याला कळते, असा सल्ला आहे. रिंगणातल्या त्या चार-पाच मिनिटांच्या दौडीची तयारी या पायी वाटेवर होत असते. कावा रिंगणात दिसतो. त्याची पायपीट दिसत नाही.

आपल्या पेडणे-डिचोलीत जिवंत घोडा उरला नाही, पण शिगम्यात घोडेमोडणी उरली. कमरेला लाकडी तोंडाचा, कापडाने सजवलेला घोडा, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, डोक्याला मुंडासे, पायात घुंगरू, आणि ढोल-ताशा-कांसाळ्यांच्या ठेक्यावर पुढे-मागे पडणारी पावले. राणे आणि मराठे यांच्या पोर्तुगीजांवरील विजयाची ही आठवण, असे परंपरा सांगते. या खेळात स्वार आणि घोडा एकच माणूस असतो आणि तो स्वतःच्या पायांवर चालतो. झेनोफोनने घोड्यावर जबरदस्ती करू नये हे सांगताना दाखला दिला तो नर्तकाचाच : चाबूक मारून नाचवलेल्या नर्तकात सौंदर्य येईल काय? घोडेमोडणीच्या मांडावर हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही. गड्याच्या पायात ताल येतो तो वडीलधाऱ्यांची पावले लहानपणापासून पाहून.

आज मोपाच्या सड्यावर विमाने उतरतात. ५ जानेवारी २०२३ पासून तो आवाज आमच्या पेडण्याच्या रोजच्या जगण्यातला झाला. घोडा परत येणार नाही आणि तसा हट्टही नाही. परंतु लगाम, रिकीब, खोगीर, तोबरा, नालबंद, चाबूकस्वार हे सगळे शब्द दूरदूरच्या भाषांतून घोड्याबरोबर आले आणि मराठीत मुरले. ते आपल्या आजोबांच्या पिढीला कळत, आपल्याला अर्धेच कळतात, नातवंडांना कळणार नाहीत. आणि त्यांच्याबरोबर जाईल ती शिकवण्याची एक रीत. आपल्या दुभाषी घरांत मूल तीन वर्षांचे होते न होते तोच त्याला परक्या माध्यमाच्या दौडीत उतरवण्याची घाई असते. मला त्या भाषेचे वैर नाही. पूर्ण वाढीच्या घोड्याने कितीही दूर दौडावे. पण घरची बोली, आजीची गोष्ट, अंगणातला खेळ ही त्या दौडीआधीची जमीन आहे. तिच्यावर पुरेसे चाललेले मूल पुढे कोणत्याही भाषेत मान खाली सोडून, मोकळ्या पाठीने धावते. तिच्यावर न चाललेले मूलही धावते, पण पाठ आखडून.

किक्कुलीचे नाव मातीच्या विटेवर राहिले. आपल्या पागांतल्या हजारो मोतद्दारांची, चाबूकस्वारांची नावे कोणी लिहिली नाहीत. त्यांचा एक शब्द तेवढा आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी घरातल्या मुलाने ‘गनिमी कावा’ वाचला, की त्याला तो दुसराही अर्थ सांगावा : मधोमध उभा असलेला एक माणूस, त्याच्या हातातली सैल दोरी, आणि त्याच्याभोवती राजीखुशीने दौडणारा घोडा.