सिंपल नावाची अवघड गोष्ट

एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळायला साधारण १० घनमीटर हवा लागते. हिशोब शाळेतल्या रसायनशास्त्राचा, पण भट्टीत तो जमवणं महाकठीण. हवा कमी पडली तर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. जास्त झाली तर ती फुकट तापून धुराड्यातून बाहेर, म्हणजे इंधनाचे पैसे गेले. आणि एकूण प्रमाण बरोबर असूनही दोघं नीट मिसळले नाहीत, तर एकाच भट्टीत हे दोन्ही घोळ एकदम होतात!

मग बर्नर सुधारायचा कसा? पूर्वी मार्ग एकच: बनवा, पेटवा, मोजा, परत बनवा. हॉलंडमध्ये आयमाउडनला १९४८ साली ज्वालांच्या संशोधनासाठी खास आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. काम चोख, पण खर्चिक.

गणितात अडचण वेगळीच होती. वेगाच्या समीकरणांत दाब लागतो, आणि दाबाला स्वतःचं समीकरणच नाही. १९७२ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे ब्रायन स्पाल्डिंग आणि सुहास पाटणकर यांनी यावर तोडगा छापला. दाब अंदाजे धरा, वेग काढा, प्रत्येक चौकटीत आत आलेली आणि बाहेर गेलेली हवा जुळते का बघा. नाही जुळली? दाब दुरुस्त करा, परत पहिल्यापासून. आपण प्रोग्रामर मंडळी याला लूप म्हणतो. त्यांनी नाव दिलं 'सिंपल'. पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आणि नंतर आयआयटी मुंबईचे, बरं का! त्यांचं १९८० चं पुस्तक आजही अभ्यासलं जातं.

१९८१ मध्ये स्पाल्डिंग यांचं 'फिनिक्स' आणि १९८३ मध्ये 'फ्लुएंट' बाजारात आलं. नोझलचा कोन, हवेला गरगर फिरवणारी पाती, सगळं लोखंड कापण्याआधीच बदलून बघता येऊ लागलं.

पण मेख अशी की खळबळत्या हवेचा प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही. त्याऐवजी सोपं मॉडेल वापरतात आणि त्यातले ०.०९ सारखे आकडे प्रयोगांवरूनच बेतलेले असतात. नेमक्या जोरात फिरणाऱ्या प्रवाहात, म्हणजे बर्नरच्या तोंडाशीच, ते अडखळतं. तापमान थोडं चुकलं तरी नायट्रोजन ऑक्साइडचा अंदाज खूप चुकतो.

लूप थांबला याचा अर्थ समीकरणं सुटली, एवढाच. ती समीकरणं त्या भट्टीची आहेत की नाहीत, हे शेवटी भट्टीत मोजूनच कळतं. रंगीत चित्रं बघून सही करणाऱ्या साहेबांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ!