आरएक्स घेताय? आधी गार इंजिनावर हात ठेवा

परवा ओळखीच्या एका पोराचा फोन आला. "दादा, बातमी लावा, फसवलं मला." व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघून त्याने आरएक्स १०० घेतली. रंग नवा, सायलेन्सर चकाचक, आवाज तोच काळजात जाणारा. लाखाच्या वर पैसे मोजले, त्यात आईच्या भिशीचे पण होते. आठवड्याभरात, दुसऱ्यांदा पेट्रोल भरल्यावर, चढाला इंजिन जाम. कागदावर "आहे त्या स्थितीत घेतली" अशी सही. बातमी काय लावणार? म्हणून हे लिहितोय.

ही गाडी समजायची तर थोडं मागे जावं लागतं. १९५५ पासून मद्रासची बुलेट होती. साठच्या दशकात म्हैसूरची जावा आली, तीच पुढे येझदी झाली. आणि पोलंडच्या आराखड्यावर बनलेली एस्कॉर्ट्सची राजदूत, जी गावोगाव दूधवाल्यांनी कॅन लावून पळवली. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी करार झाले आणि १९८५ ला दोन गाड्या आल्या: हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००. दोघींचं इंजिन शंभर सीसीच्या आतलं, पण स्वभाव अगदी उलटा.

सीडी फोर-स्ट्रोक. पेट्रोल वाचवणारी, शांत. आरएक्स टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, म्हणून एवढ्याशा इंजिनात अकरा अश्वशक्ती. पण यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. १९९१ ला दुचाक्यांच्या धुरावर नियम आले, १९९६ ला ते कडक झाले. त्याच वर्षी आरएक्स १०० बनायची थांबली. म्हणजे आज विकायला येणारी सगळ्यात तरुण आरएक्सही तिशीच्या घरात आहे. "अठ्ठ्याण्णवचं मॉडेल" असं कोणी सांगितलं तर आरसी बुक नीट वाचा.

आता त्या पोराचं काय झालं? आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप ते ऑइल आपोआप इंजिनाला पुरवतो. पंप बिघडला की बरेच जण तो काढून टाकतात आणि ऑइल हाताने पेट्रोलमध्ये मिसळतात. याच्या गाडीचा पंप काढलेला होता. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. हा मात्र खूश, की गाडी ऑइल खातच नाही! टाकीतलं ऑइल कमी कसं होणार, ते इंजिनात जातच नव्हतं. नुसत्या पेट्रोलवर पळवली आणि पिस्टन धरला.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा:

१. आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तुमच्या येण्याआधी चालू करून ठेवलीय. चहा प्या, गार होऊ द्या. खरं दुखणं गार असतानाच कळतं.

२. किक हाताने हळू दाबा. मध्ये अडली पाहिजे. सरळ खाली गेली तर कॉम्प्रेशन नाही, रिंगा किंवा बोअर गेलंय.

३. आरएक्स सुरुवातीला थोडा धूर मारणारच. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लच बाजूचं क्रँक सील गेलं. ॲक्सिलरेटर सोडूनही रेस खाली येत नसेल तर कुठूनतरी हवा ओढतेय. असं इंजिन कधीही जाम होऊ शकतं.

४. फोर-स्ट्रोकमध्ये उलटं. निळा धूर म्हणजे आजारच. उभी राहिल्यावर फक्त चालू करताना आला तर व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर येतच राहिला तर रिंगा. आवाज आणि धूर दाबायला मुद्दाम जाड ऑइल पण टाकतात.

५. गार असताना वरून येणारा हलका टकटक आवाज गरम झाल्यावर जात असेल तर अजून काही दिवस निघतील. खालून जड ठोका येतोय आणि लोड आला की वाढतोय? क्रँक. तिथून निघा.

६. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवा, घासाघीस दिसली तर नको.

विकणाऱ्यांनाही सांगतो. गाडी नावावरून उतरेपर्यंत अपघाताची जबाबदारी आरसीवरच्या मालकाची, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या देऊन मोकळे होऊ नका.

आणि जाताना एखादा जुना मिस्त्री बरोबर न्या, त्याचा रोज द्या. टू-स्ट्रोक नुसती ऐकून सांगणारी ही माणसं आता साठीला आलीत. त्या पोराची गाडी आता अशाच एकाकडे उघडून पडलीय. बोअरला अजून एक साईज शिल्लक आहे म्हणतो. बघू.

तुमच्या भागात असा मिस्त्री असेल तर खाली गावाचं नाव लिहा, पोरांच्या कामी येईल.